न्यायालयाचें गणित

न्यायनिर्णयाकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची चाल आपल्याकडे फारशी नाहीं. तथापि केनियाच्या सर्वोच्च न्यायालयानें १ सप्टेंबर २०१७ रोजीं अध्यक्षपदाची निवडणूक रद्द ठरविली, तिचीं सविस्तर कारणें देणारा निकाल केवळ कायदेपंडितांच्या हातीं सोडावा असा नाहीं. मुख्य न्यायाधीश मारागा व त्यांचे तीन सहकारी त्यांत एक शाळकरी दृष्टान्त योजतात: उत्तर लिहिलें एवढ्यानें भागत नाहीं, रीतहि दाखवावी लागते. सबंध निकाल या साध्या दृष्टान्तावर तोललेला आहे. प्रत्येक मतदानकेंद्रावरील तक्त्याचें चित्र आंकड्यांबरोबर यंत्रद्वारें नैरोबीस पोंचावयाचें होतें. निकाल जाहीर झाला तेव्हां हजारों तक्ते पोंचलेच नव्हते, आणि न्यायालयाची आज्ञा असूनहि आयोगानें आपले सर्व्हर पुरतेपणीं उघडून दाखविले नाहींत.

हा आग्रह कोणास शुष्क तांत्रिकपणा वाटेल. पण २००७ च्या मतमोजणीवरून उसळलेल्या दंगलींत अकराशेंहून अधिक माणसें मेलीं, आणि द्वेषाच्या वार्ता तेव्हां मोबाईलवरूनहि फिरत होत्या. त्या अविश्वासावर उपाय म्हणून यंत्रें आलीं. २०१३ सालीं मतदारांची ओळख पटविणारीं यंत्रेंच कित्येक ठिकाणीं बंद पडलीं. २०१७ सालीं तर आयोगाचे तंत्रविभागाचे अधिकारी ख्रिस म्सांडो यांचा मतदानाच्या थोडेच दिवस आधीं खून झाला. ही पार्श्वभूमि ध्यानांत ठेवली म्हणजे सर्व्हरविषयींचे परिच्छेद कोरडे वाटत नाहींत.

दोघां न्यायाधीशांचा विरोधी अभिप्राय मात्र हलक्या हातानें बाजूस सारतां येत नाहीं. मतें कागदावर पडलीं, केंद्रावर प्रतिनिधींच्या देखत मोजलीं गेलीं. मग तीं पाठवितांना झालेल्या दोषापायीं मतदारांचा कौल कां बुडवावा? याला बहुमताचें उत्तर मला तोकडें वाटतें. दोषांमुळें कौल प्रत्यक्ष किती बदलला, या प्रश्नाला तें भिडतच नाहीं. रीत चुकली, एवढ्यावर थांबतें. (चांगला गणितशिक्षक येथें पुढचें पाऊल टाकावयास सांगतो.) २६ ऑक्टोबरच्या फेरमतदानावर तर ओडिंगांनीं बहिष्कारच घातला.

तरीहि निकालाचें फळ वायां गेलें नाहीं. २०२२ सालीं आयोगानें केंद्रोकेंद्रींचे तक्ते सर्वांस पाहतां येतील असे इंटरनेटवर ठेवले. वृत्तपत्रें स्वतःच बेरजा करीत बसलीं. अंतर सुमारें २ लाख ३३ हजार मतांचें होतें, आणि सात आयुक्तांपैकीं चौघांनीं निकाल नाकारला होता. तो न्यायालयानें ५ सप्टेंबर २०२२ रोजीं एकमतानें कायम केला.