मुंग्या पुसताना काय पुसले जाते?

रात्रीच्या फोटोंविषयी आपल्याकडे दोन समजुती पक्क्या झाल्या आहेत. पहिली, कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवला की फोटोत ठिपके येतात. दुसरी, ठिपके नसलेला फोटो चांगला, आणि चांगला म्हणजेच खरा. फोटोग्राफीच्या सदरांतून, दुकानदारांच्या सल्ल्यातून आणि मोबाइलच्या जाहिरातींतून या समजुती इतक्या वेळा कानावर पडतात की विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षकही नकळत त्यांच्याच आधारे गुण देतात. आमच्या मते पहिली समजूत अर्धवट आहे, आणि दुसरी निदान विज्ञान शिकवणाऱ्यांनी तरी सोडून द्यायला हवी.

अँटेनाच्या टी.व्ही.वर प्रक्षेपण नीट येत नसे तेव्हा पडदाभर काळेपांढरे ठिपके वळवळत, आणि आपण ‘मुंग्या आल्या’ असे म्हणत असू. कमी उजेडातल्या फोटोत दिसणाऱ्या ठिपक्यांनाही आम्ही येथे मुंग्याच म्हणणार आहोत. त्या कोठून येतात आणि त्या घालवण्याच्या नावाखाली काय काय केले जाते, हे समजले तर कोणत्या फोटोवर किती विश्वास ठेवावा हे ठरवता येते.

दोष कोणाचा?

आयएसओ हा फिल्मच्या काळातला शब्द. तेव्हा १०० ची फिल्म वेगळी आणि ४०० ची वेगळी असे. जास्त संवेदनशील फिल्ममध्ये चांदीच्या क्षारांचे स्फटिक मोठे असत, त्यामुळे चित्र रवाळ दिसे. त्या काळात आयएसओला दोष देणे योग्यच होते. डिजिटल कॅमेऱ्यात मात्र सेन्सर एकच असतो. आपण २०० चा आकडा ३२०० केला म्हणून तो जास्त प्रकाश पकडू लागत नाही. पकडलेल्या प्रकाशातून तयार झालेला विद्युत संकेत तेवढा जास्त पटीने मोठा केला जातो. दूरचे रेडिओ केंद्र लावून आवाज वाढवला तर गाण्याबरोबर खरखरही वाढते. पण ती खरखर आवाजाच्या बटणाने निर्माण केलेली नसते.

याची परीक्षा सोपी आहे. ज्या कॅमेऱ्यात किंवा फोनमध्ये प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल मिळते, त्यावर एकाच दृश्याचे दोन फोटो घ्यावेत. छिद्र आणि उघडीपीचा काळ तोच ठेवून एकदा आयएसओ २०० आणि एकदा ३२०० करावा. मग पहिला काळपट फोटो संगणकावर १६ पट उजळ करून दुसऱ्याशेजारी ठेवावा. पहिल्यात मुंग्या कमी दिसतील अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्या तितक्याच, पुष्कळदा थोड्या जास्तच दिसतात. जास्त आयएसओचा खरा तोटा निराळा आहे: दृश्यातले दिवे आणि उजळ भाग लवकर पांढरेफटक पडतात. मुंग्यांचे मूळ मात्र अपुऱ्या प्रकाशात असते.

पावसाचे थेंब आणि मुगाचे दाणे

प्रकाश कणाकणांनी येतो. अंगणात सारख्या वाट्या मांडून ठेवल्या आणि पावसाची नुसती चुळबुळ झाली, तर एका वाटीत तीन थेंब पडतील, शेजारच्या वाटीत सात, आणि तिसरी कोरडीच राहील. पाऊस मात्र सगळीकडे सारखाच पडत असतो. आषाढातल्या मुसळधार पावसात त्याच वाट्या जवळजवळ सारख्या भरतात. सेन्सरवरचे पिक्सेल म्हणजे या वाट्या, आणि प्रकाशकण, म्हणजेच फोटॉन, हे थेंब.

वर्गात हा प्रयोग मुगाच्या दाण्यांनी करता येईल. दाणे घरंगळू नयेत म्हणून जाड कापड घ्यावे, त्यावर खडूने १०० चौकटी आखाव्यात आणि मोजून ४०० दाणे उंचावरून सगळीकडे विखरावेत. सरासरी चौकटीमागे ४ दाणे. बहुतेक चौकटींत २ ते ६ दाणे सापडतील, एखाद-दुसरी रिकामी निघेल आणि एखादीत ८-९ दाणे भरतील. याचा नियम असा की सरासरी जेवढी असेल, तिच्या वर्गमुळाएवढा चढउतार होतो. ४ ला २, म्हणजे निम्मा. १०० ला १०, म्हणजे दहा टक्के. १०,००० ला १००, म्हणजे फक्त एक टक्का. प्रकाश वाढला की मुंग्याही संख्येने वाढतात, पण चित्राच्या मानाने त्या क्षुल्लक होतात.

याखेरीज संकेत वाचणारे मंडलही थोडी गडबड करते आणि उष्णतेमुळे अंधारातही सेन्सरमध्ये विद्युतभार साठतो. तापमान साधारण ६ ते ८ अंशांनी वाढले की हा भार दुप्पट होतो. म्हणूनच वेधशाळांतील कॅमेरे थंड ठेवतात. पण सर्वांत मोठा उपाय म्हणजे जास्त प्रकाश गोळा करणे. आयुका या पुण्याच्या संस्थेची गिरवली येथील दुर्बीण २००६ मध्ये सुरू झाली. तिचा आरसा २ मीटर व्यासाचा आहे. मोबाइलच्या भिंगाचे छिद्र ५ मिलिमीटर धरले, तर हा आरसा त्याच्या १,६०,००० पट प्रकाश गोळा करतो. मुंग्यांवरचा प्रामाणिक उपाय हा असा महागडा असतो. म्हणूनच स्वस्त उपायांचे आकर्षण निर्माण होते.

शेजाऱ्यांची सरासरी

स्वस्त उपायांतला सर्वांत जुना म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या जागी त्याची आणि शेजाऱ्यांची सरासरी ठेवणे. नऊ पिक्सेलांची सरासरी घेतली की चढउतार एकतृतीयांश होतो. त्याची किंमत पाहण्यासाठी एका ओळीतले हे आकडे फळ्यावर लिहावेत: १०, १२, ९, ११, ५०, १०, ८, १२. आकाश काळे आहे, आणि मधे एक ५० आहे. तीन-तीनची सरासरी घेतली तर ५० च्या जागी २४ येतात आणि दोन्ही बाजूंना २३ च्या आसपास. एका ठळक ठिपक्याचा मळकट डाग होतो. सरासरीऐवजी तिघांतला मधला आकडा घेतला तर ५० च्या जागी ११ येतात आणि ठिपका साफ नाहीसा होतो.

आता मुलांना विचारावे: तो ५० तारा होता की मुंगी? या आकड्यांवरून उत्तर देता येत नाही. संगणकालाही देता येत नाही. तरी तो ठिपका पुसतो, म्हणजे ‘एकटा दिसतो तो खोटा’ असे त्याने आधीच धरलेले असते. नंतरच्या पद्धती जास्त हुशार आहेत. २००५ मध्ये पुढे आलेली एक पद्धत केवळ शेजारी न पाहता त्याच चित्रात इतरत्र तशाच दिसणाऱ्या तुकड्यांचा शोध घेऊन त्यांची सरासरी काढते. विटांची भिंत किंवा कापडाची वीण तिच्यामुळे चांगली टिकते. पण ज्याला चित्रात दुसरा जोडीदार नाही, ती गोष्ट तिथेही धोक्यात असते.

एका बाबतीत मात्र ही सफाई निर्धास्तपणे करावी. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तिच्यात प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग पाहतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून ठरवले जातात. त्यामुळे अंधारात रंगीबेरंगी डाग उठतात. आपला डोळा उजेडातले बारकावे जितके टिपतो तितके रंगातले टिपत नाही, म्हणून रंगाच्या मुंग्या पुसल्या तर फारसे नुकसान होत नाही.

तारा जागा सोडत नाही

तारा की मुंगी, याचे उत्तर दुसऱ्या फोटोत असते. तोच फोटो पुन्हा घेतला तर तारा त्याच जागी उमटतो आणि मुंगी दुसरीकडे जाते. १६ फोटोंची सरासरी घेतली की मुंग्या एकचतुर्थांश होतात, १०० फोटोंची घेतली की एकदशांश, आणि बारकावे मात्र टिकून राहतात. पृथ्वीच्या फिरण्याने तारे तासाला १५ अंश सरकतात, एवढे जुळवून घ्यावे लागते. सेन्सरमधला एखादा बिघडलेला पिक्सेल प्रत्येक फोटोत उजळ दिसतो. तो ओळखण्यासाठी भिंगावर झाकण ठेवून तेवढ्याच वेळाचा एक फोटो घ्यावा. त्यातही जो ठिपका दिसतो तो आकाशातला नाही.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. ती स्थिर गोष्टींविषयीच खरे सांगते. मे अखेरीस सह्याद्रीत काजवे चमकतात, त्यांच्या वीस फोटोंची सरासरी काढली तर एकदाच चमकलेला काजवा मुंगी समजून जवळजवळ पुसला जाईल. म्हणून काजव्यांचे फोटो जोडताना सरासरी न काढता प्रत्येक जागी सर्वांत उजळ नोंद ठेवतात. मग अर्ध्या तासातले सारे लुकलुकणे एकदम पेटलेले दिसते. तसे दृश्य कोणाच्याही डोळ्यांना कधी दिसलेले नसते. चित्र सुंदर असते, खोटेही नसते, पण खाली तसे लिहिलेले क्वचितच आढळते, आणि आमची तक्रार त्याविषयी आहे.

दोन चंद्र

मे २०२१ मध्ये पुण्याच्या प्रथमेश जाजू या सोळा वर्षांच्या मुलाने काढलेले चंद्राचे चित्र देशभर गाजले. ते ५०,००० हून अधिक प्रतिमांपासून बनवले होते आणि मूळ माहिती १८६ जीबी भरली होती. चंद्र तर चांगला उजळ असतो. मग एवढ्या प्रतिमा कशाला? कारण हवा सतत हलत असते. पुष्कळ प्रतिमांतून स्पष्ट तेवढ्या निवडायच्या, त्यांची सरासरी काढून मुंग्या बसवायच्या आणि मगच बारकावे उठावदार करायचे. तसे केले नाही तर मुंग्याच उठावदार होतात. चित्रातले रंग खनिजांतला फरक दिसावा म्हणून गडद केलेले होते. त्याने ही रीत उघडपणे सांगितली, आणि आमच्या दृष्टीने चित्राइतकेच मोल त्या सांगण्याला आहे.

मार्च २०२३ मध्ये दुसरा चंद्र गाजला. एकाने चंद्राचे चित्र मुद्दाम पुसट करून संगणकाच्या पडद्यावर लावले, खोलीत अंधार केला आणि सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो घेतला. पडद्यावर नसलेले बारकावे फोटोत उमटले. चंद्र ओळखून त्याचे तपशील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने उठावदार केले जातात, असे कंपनीने नंतर स्पष्ट केले. चंद्राची आपल्याकडची बाजू कायम तीच असल्याने अशा फोटोत चूक सापडणे कठीण. पण विवर दिसले ते त्या रात्रीच्या प्रकाशाने की आधी शिकलेल्या हजारो चित्रांच्या आठवणीने, हा प्रश्न उरतोच. अनोळखी पाखराच्या पंखावरची नक्षी किंवा बिबट्याच्या अंगावरचे ठिपके अशाच आठवणीने भरले गेले, तर त्या फोटोवरून केलेली ओळख कशाची मानायची?

गडबच्या आकाशात

हे सारे शाळेच्या अंगणात कसे उतरेल ते पाहू. उदाहरणादाखल पेण तालुक्यातले गडब घेऊ. मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ आणि नागोठणे यांच्यामधले हे गाव. एकीकडे महामार्गाची वाहतूक, जवळच डोलवीचा पोलाद कारखाना. अशा ठिकाणी रात्रीचे आकाश पूर्ण काळे राहत नाही.

समजा, जानेवारीच्या रात्री मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो घेतला. एका पिक्सेलवर आकाशाच्या उजेडाचे १०,००० कण पडले आणि तेजोमेघाच्या फिकट कडेचे १००. आकाशाचा उजेड संगणकावर वजा करता येतो, असे सांगितले जाते. सरासरी वजा होते खरी, पण १०,००० चा १०० एवढा चढउतार मागे राहतो आणि तो तेजोमेघाच्या कडेइतकाच आहे. १६ फोटो जोडले तर कडेचे कण १,६०० होतात आणि चढउतार ४०० होतो. कडा चौपट ठळक होते. कोणत्याही सफाईच्या बटणापेक्षा हे गणित भरवशाचे आहे, आणि नववी-दहावीच्या मुलांना वर्गमूळ येते.

साधा फोन, तो हलू नये म्हणून विटांचा किंवा वाळूच्या पिशवीचा आधार, दहा सेकंदांचा टायमर आणि १६ फोटो एवढ्यावर प्रयोग होतो. यात मिळालेले चित्र जाहिरातीतल्या चित्रापुढे गरीबच दिसेल. परीक्षकांच्या टेबलावर ते एखाद्या चकचकीत चित्राशेजारी येईल आणि मागे पडेल, अशी आम्हाला भीती वाटते. ज्या मुलीने १६ फोटो घेऊन, झाकणाचा एक फोटो जोडून आणि आकडेमोड करून आपला फिकट तेजोमेघ मांडला, तिला ‘फोटो स्वच्छ नाही’ म्हणून कमी गुण मिळाले तर आपण विज्ञान शिकवत नाही, सजावट शिकवतो.

म्हणून आमची सूचना अशी. प्रदर्शनातल्या आणि शाळेच्या भित्तिपत्रकातल्या प्रत्येक रात्रीच्या फोटोखाली चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: उघडीपीचा काळ, आयएसओ, किती फोटो जोडले, आणि नंतर काय पुसले किंवा भरले. मूळ फाइल जपून ठेवावी व परीक्षकांनी ती मागावी. ज्याला हे चार तपशील देता येतात, त्याच्या फोटोतल्या मुंग्या खुशाल राहू द्याव्यात. किती प्रकाश मिळाला होता, याची ती नोंदच असते.