वाटी कुणाची? : कोरेगावच्या परसातून ‘रुचिरा’ वाचताना

आमच्या कोरेगावच्या घरात कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ची एक प्रत आहे. मुखपृष्ठ कधीच गेलंय, त्या जागी आईने जुन्या कॅलेंडरचा कागद चढवलाय. अनारशांचं पान तुपाने इतकं पारदर्शक झालंय, की मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसतात. त्याच पानाच्या समासात आईच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय : ‘आपल्या वाटीने गूळ पाऊण.’

गेल्या दिवाळीत हे वाक्य पुन्हा वाचलं आणि अडकलो. पीठ ज्या वाटीने मोजायचं त्याच वाटीने गूळ मोजायचा असेल, तर वाटी कुठलीही असली तरी प्रमाण तेच राहणार. मग ‘आपल्या’ हा शब्द कशासाठी? हिशेबात त्याची काहीच गरज नाही.

या एका शब्दापायी मी ‘रुचिरा’ पाककृतीसाठी नाही, तर पुस्तक म्हणून वाचायला घेतलं. आपण कादंबरी वाचतो तसं पाकपुस्तक कधी वाचत नाही. ते ओट्यावर उघडं पडलेलं असतं, त्यावर पिठाचे हात लागतात, आणि काम झालं की फळीवर जातं. पण घर, फराळ, परसबाग, हसणंखेळणं हा ऐवज आज आपल्या फोनवर ज्या प्रमाणात वाहतोय, तो बघता या पुस्तकाकडे नीट बघायची वेळ आली आहे असं मला वाटतं.

फोनवरचं ते घर तुम्हीही पाहिलं असेल. पहाट, सडा, चूल. सासूबाई आळूची पानं खुडतात, सून हसत हसत बेसन कालवते, नातू वडी पळवतो, मागे बासरी. एक मिनिटात सगळं आटोपतं. मला हे व्हिडिओ आवडतात, खोटं कशाला बोलू. पुण्यातल्या खोलीवर मेसचा डबा उघडताना मी तेच बघत असतो. पण आळू खाजतो. पानाच्या शिरा लाटताना हात खाजतात, चिंच कमी पडली तर घसा धरतो. त्या मिनिटात खाज कुठेच नसते. हसणं असतं, आणि ते नेमकं कुणाला परवडलंय हे कळायला मार्ग नसतो.

हा प्रश्न फोनने आणलेला नाही. मराठीत खाण्यावरचं सगळ्यात लाडकं हलकंफुलकं लेखन कुठलं, असं विचारलं तर बहुतेक जण ‘हसवणूक’मधल्या पु. ल. देशपांड्यांच्या ‘माझे खाद्यजीवन’चं नाव घेतील. तो लेख मी किती वेळा वाचलाय त्याला गणती नाही. पण तो खाणाऱ्याने लिहिलेला आहे. त्यात पदार्थ पानात येतो तिथून गोष्ट सुरू होते. हा पु.लं.चा दोष नाही. ते खाणारे म्हणूनच बोलतात, दुसरा आव आणत नाहीत. प्रश्न आपल्या आवडीचा आहे. जेवणावरचं आपलं लाडकं वाङ्मय पानाच्या या बाजूचं आहे, चुलीच्या त्या बाजूचं फारसं नाही.

चुलीच्या त्या बाजूचं पुस्तक १९७० साली आलं, ते ‘रुचिरा’. कमलाबाईंचा जन्म १९१३चा, गाव कुंडल, जिल्हा सांगली. आमच्या कोरेगावातून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर वाटेत किर्लोस्करवाडी लागते, त्याच्या शेजारचं हे गाव. (कोरेगाव म्हणजे साताऱ्याचं, भीमा नदीकाठचं नव्हे, हे दर वेळी सांगावं लागतं.) शाळा चौथीपर्यंत. स्वयंपाक शिकल्या त्या लग्नानंतर, सासूबाईंच्या हाताखाली. अशा बाईने लिहिलेलं पुस्तक पुढे लाखाच्या वर प्रतींनी घरोघर गेलं.

त्यात नवीन काय होतं? मराठीत पाकपुस्तकं आधीही होती. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० सालचं. पण तो जमाना शेर, पावशेर, तोळ्याचा. स्वातंत्र्यानंतर, १९५६च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि साठच्या दशकात दुकानांतून शेर जाऊन किलो रुळला. म्हणजे ‘रुचिरा’ आलं तेव्हा घरातल्या थोरल्या बाईच्या डोक्यात पावशेर होता आणि धाकटीच्या वहीत ग्रॅम. कमलाबाईंनी दोन्ही बाजूला ठेवले आणि वाटी-चमचा घेतला. वाटी प्रत्येक घरात असते. ती लहान असो की मोठी, सगळं साहित्य तिनेच मोजलं की प्रमाण बिघडत नाही. तराजू नको, आकडेमोड नको, आणि मुख्य म्हणजे कुणाला विचारायला नको.

हे ‘विचारायला नको’ मला फार मोठं वाटतं. सासूच्या हाताखाली शिकणं हे ऐकायला गोड आहे. पण हाताखाली म्हणजे हाताखालीच. आमच्या आजीला आई नवी नवरी असताना विचारायची, “आत्या, गूळ किती घ्यायचा?” आजीचं उत्तर ठरलेलं : “किती म्हंजी? हाताला कळतंय तेवढा.” हात आजीचा. तो आईला उसना मिळणार नव्हता.

आजी कंजूष होती असं नाही. आता मला तिचं गणित दिसतं. घर आजोबांच्या नावावर, सातबारा आजोबांच्या नावावर, डेअरीचा पगार आजोबांच्या हातात. उन्हाळ्यात डंकावर कुटून आणायच्या वर्षाच्या चटणीत मिरचीला मसाला किती, घटापुढच्या फुलोऱ्यासाठी कडाकणीचं पीठ किती घट्ट मळायचं, अनारशाला गूळ किती, एवढीच काय ती तिची मालकी. ती मोजून दुसरीच्या हवाली करायची, तर तिच्याजवळ राहणार काय? ‘अंदाज’ हा शब्द आपण फार भाबडेपणाने वापरतो. अंदाज हे कसब असतं, तसंच ते कुलूपही असतं.

‘रुचिरा’ने हे कुलूप उघडलं. ज्यांना सासू शिकवत नव्हती, ज्या नवऱ्याच्या बदलीपायी परगावी एकट्या संसार मांडत होत्या, त्यांना एक न रागावणारी सासू छापील मिळाली. म्हणून कमलाबाईंच्या वाटी-चमच्याला मी सोय म्हणत नाही. मी त्याला लेखनाची भूमिका म्हणतो. आपल्याला जे हाताखाली राहून मिळालं, ते दुसरीला हाताखाली न राहता मिळावं, ही ती भूमिका.

आमच्या घरी मात्र पुस्तकाचा पहिला प्रयोग फसला. आईने पुस्तक बघून अनारसे घातले आणि ते हसले. अनारसा तुपात पसरून विरघळला की ‘हसला’ म्हणतात. आपल्या भाषेतल्या या विनोदाला तोड नाही, कारण पदार्थ हसतो तेव्हा करणारीला रडू येत असतं. तीन दिवस तांदूळ भिजत घातलेले, रोज पाणी बदललेलं, सावलीत पंचावर सुकवून कुटलेले, पीठ गुळात मळून मुरवलेलं. इतक्या दिवसांची मेहनत कढईत हसली. आजी काही बोलली नाही. बाहेर जाऊन तुळशीपाशी बसली आणि तिथे बसून तीही हसली, असं आमचे काका आजही रंगवून सांगतात. सगळं घर खो खो हसतं. आईही हसते, आता.

यात पुस्तकाची चूक नव्हती. पीठ किती ओलं आहे, गूळ नवा की जुना, यावर अनारसा ठरतो, आणि ते कुठल्याच वाटीत मावत नाही. इथे ‘रुचिरा’ची, किंबहुना पाकपुस्तक या प्रकाराचीच हद्द दिसते. पुढच्या वर्षी आईने गूळ कमी करून पाहिला, जमलं, आणि तिने समासात ते वाक्य लिहिलं. ‘आपल्या’ हा शब्द हिशेबाचा नाही हे मला इथे कळलं. आजीचा हात नव्हे, पुस्तकाचा आकडाही नव्हे, आपली वाटी. चांगलं पाकपुस्तक वाचणारीला समासात एवढी जागा देतं. ‘रुचिरा’ मोठं आहे ते यासाठीही.

आता हद्दीपलीकडचं. पाककृतीची सुरुवात ‘साहित्य’ या शब्दाने होते. साहित्य आधीच घरात आलेलं असतं. ते कुठून आलं हे विचारायची तिथे सोय नाही. आमच्या मागच्या दाराशी परस आहे. न्हाणीचं पाणी जातं तिथे आळू, कुंपणाला शेवगा, मांडवावर दोडका, कडेने मिरची, कोथिंबीर, गवती चहा, थोडं आलं. पाहुणे म्हणतात, “काय मजा आहे तुमची, सगळं घरचं!” सगळं घरचं म्हणजे सगळं कुणीतरी केलेलं. उन्हाळ्यात न्हाणीचं पाणी पुरत नाही तेव्हा त्या शेवग्याला कळशीने पाणी घालणारे हात एकाच माणसाचे असतात. ती कळशी कुठल्याच पाककृतीत येत नाही.

घेवड्याचं घ्या. कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. दाण्यावर वाघासारखे पट्टे, म्हणून वाघ्या. पावसावर येणारं खरिपाचं पीक. उत्तरेकडच्या बाजारात तो राजमा म्हणून जातो. आमच्याकडे त्याची आमटी होते. त्या आमटीची पाककृती चार ओळींत संपते : घेवडा भिजवा, शिजवा, वाटण लावा, उकळा. पण शेंगा वाळवून बडवणं, पाखडणं, बियाण्यासाठी चांगला दाणा राखेत घालून ठेवणं हे सगळं पहिल्या ओळीच्या आधीचं. वर्षातले चार महिने त्या पहिल्या शब्दाच्या अलीकडे उभे असतात.

आणि ‘साहित्य’ प्रत्येकाला सारखं मिळतं असंही नाही. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या स्वयंपाकघराची त्यात नोंद आहे. शीर्षकातच त्यांनी आपल्या ताटापुढच्या श्लोकाला एक अक्षर जोडून प्रश्न विचारला. त्यात पाककृती आहेत, पण प्रत्येकीच्या मागे ते साहित्य का मिळालं आणि दुसरं का मिळालं नाही, हे उभं आहे. ‘रुचिरा’च्या शेजारी हे पुस्तक ठेवलं की वाटीचा प्रश्न बदलतो. एक पुस्तक सांगतं वाटीत किती घ्यायचं. दुसरं विचारतं, वाटी भरलेली होती कुणाची?

मग हलकंफुलकं लिहूच नये का? तसं मुळीच नाही. मराठीतलं एक फार विनोदी घर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे, १९३४पासून भागांनी प्रसिद्ध झालेल्या. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घरात येणारी जवळपास प्रत्येक वस्तू धुतली जाते, आणि पुढे संसारात टिळकांच्या उदारपणाला घर पुरत नाही. वाचताना हसून मुरकुंडी वळते. पण धुण्याचे कष्ट कुणाला पडले आणि रिकाम्या डब्यात हात कुणी घातला, हे एका क्षणासाठीही विसरायला होत नाही. कारण हसवणारीच राबणारी आहे. तिने आधी सोसलं आणि मग हसू काढलं. आमचे काका अनारशाची गोष्ट सांगतात तेव्हा ती विनोदी असते. आई तीच गोष्ट सांगते तेव्हा ती विनोदी असते आणि खरीही असते. दोन्हींतला फरक मला ‘स्मृतिचित्रे’ने शिकवला.

म्हणून घरगुती, गोडगोड, परसबागेतल्या लेखनाकडे आणि व्हिडिओकडे बघताना मी आता एवढंच तपासतो : सांगणारा चुलीच्या कुठल्या बाजूला आहे? प्रमाण सांगतोय की ‘अंदाजाने’ म्हणून पुढे सरकतोय? दिवस किती लागले, पाणी कुणी घातलं, हे एका वाक्यात तरी येतं का? तुमच्यापैकी जे घरच्यांचं चित्रण करतात, त्यांना माझं मागणं मोठं नाही. आजीला ‘अंदाज’ म्हणू द्या, पण तिचा हात वाटीवर रिकामा करून एकदा मोजा. आणि मोजलेल्यावर तिचं नाव घाला.

नावावरून आठवलं. माझ्या आतेभावाला या वर्षी बंगळुरूच्या खोलीवर अनारसे करायची हुक्की आली. मी त्याला त्या पानाचा फोटो पाठवला. त्याचा लगेच उलट प्रश्न : “आपली वाटी म्हणजे कुठली रे?” मी फळीवरून वाटी काढली, फोटोसाठी फिरवली. स्टीलची, तळाशी घासून घासून फिकी पडलेली. कडेला नाव कोरलंय. आजोबांचं. आजोबांनी आयुष्यात त्या वाटीने आमटी सोडून काही मोजलं नाही.

फोटोखाली मी प्रमाण लिहिलं आणि त्याखाली दोन नावं लिहिली : आधी आजीचं, मग आईचं. त्याचे पहिले चार हसले. पाचवा जमला.