सदोष कलाकृती आणि रसिकाचे उत्तरदायित्व : ‘एकच प्याला’च्या निमित्ताने

जी कलाकृती मनाला मोहविते तीच विवेकाला खटकते, असा अनुभव रसिकाला पुष्कळदा येतो. अशा वेळी दोन वाटा सोप्या असतात : दोष नाकारणे, अथवा कृतीच नाकारणे. राम गणेश गडकरी यांच्या वाट्याला या दोन्ही आल्या. एकीकडे त्यांच्या भाषावैभवापुढे टीका म्हणजे कृतघ्नता असे मानणारा भक्तवर्ग आहे; दुसरीकडे ‘राजसंन्यास’ या अपूर्ण नाटकातील संभाजी महाराजांच्या चित्रणाचा निषेध म्हणून जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील त्यांचा अर्धपुतळा उखडून मुठेत टाकण्यात आला. पहिल्या वाटेने गेल्यास संहिता वाचण्याची गरज उरत नाही; दुसऱ्या वाटेने गेल्यासही नाही.

‘एकच प्याला’चे उदाहरण अधिक कठीण आहे, कारण तेथील दोष नाटकाच्या सामर्थ्यातच गुंतलेला आहे. १९१९ च्या जानेवारीत गडकरी निवर्तले आणि त्यानंतर त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांच्या सिंधूने प्रेक्षकांच्या डोळ्यांना धार लावली. व्यसनाधीन सुधाकराच्या हातून मूल दगावते, सिंधू मरणोन्मुख होते. तथापि पतीला वाचविण्यासाठी ती पोलिसांपुढे खरे सांगत नाही. येथे वाहणारे अश्रू दारूविरुद्ध आहेत, तसेच ते स्त्रीच्या मौनाचा गौरव करणारेही आहेत.

हा गौरव केवळ कथानकात नाही, भाषेतही आहे. त्या काळच्या पांढरपेशा घरांतील स्त्री पतीचा उल्लेख ‘इकडे’, ‘इकडून’ अशा स्थलवाचक शब्दांनी करी. ‘इकडून येणे झाले’ या रचनेत व्यक्ती जाऊन दिशा उरते आणि क्रियेला उघड कर्ता राहत नाही. सिंधूची भाषा याच वळणाची आहे. तिची अखेरची खोटी जबानी या व्याकरणाची परिणतीच होय : तेथेही कृत्य उरते, कर्ता नाहीसा होतो. आदर म्हणून जे शिकविले गेले तेच अपराध्याचे कवच ठरते.

‘तो काळच तसा होता’ हे समर्थन येथे अपुरे पडते. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा ग्रंथ १८८२ चा आहे. म्हणजे नाटकापूर्वी सदतीस वर्षे निराळा स्वर मराठीत उमटला होता. किंबहुना नाटकातच तो आहे. तळीरामाची बायको गीता नवऱ्याविषयी आडपडदा न ठेवता बोलते. तिच्या वाक्यांत कर्ता लपत नाही. मात्र तिचे बोलणे फटकळपणात जमा होते आणि सिंधूचे मौन पूजनीय ठरते. ही वाटणी काळाने केलेली नाही; ती नाटककाराची निवड आहे, आणि तिला टाळ्या देणाऱ्या प्रेक्षकांचीही.

मग रसिकाने काय करावे? अभिनवगुप्तांच्या विवेचनातील ‘सहृदय’ हा काव्याच्या अभ्यासाने मन आरशासारखे स्वच्छ झालेला वाचक आहे. तन्मयता हा त्याचा गुण खरा, पण ती अभ्यासाने येते, आंधळेपणाने नव्हे. ‘चाहता’ या शब्दात अशी कोणतीही अट नाही. म्हणूनच चाहत्याला सहृदय व्हावे लागते. आज नाटकातील एखादे पद वा प्रवेश मूळ संदर्भापासून तुटून दृक्श्राव्य तुकड्याच्या रूपाने आंतरजालावर फिरतो. तो पुढे धाडणारा नकळत भाष्यकाराच्या जागी उभा राहतो. सिंधूच्या सहनशीलतेचा प्रवेश ‘आदर्श पत्नी’ या मथळ्याखाली धाडणे हे रसग्रहण नसून प्रचार होय. उलट, या चित्रणाने एखादी वाचक दुखावली तर ‘तुला नाटक कळले नाही’ असे म्हणून तिला गप्प बसविणे म्हणजे सिंधूचे मौन दुसऱ्या स्त्रीवर लादणेच ठरते.

नाटकावरील प्रेम सोडण्याचे कारण नाही. सुधाकराचा अधःपात आजही तितकाच अस्वस्थ करतो. सिंधूसाठी अश्रू जरूर यावेत. मात्र तिने जबानीतून वगळलेला कर्ता कोण, हे रसिकाने स्वतः उच्चारले पाहिजे.