म्यानात बांबूची तलवार

योजी यामादा यांच्या ‘द ट्वायलाइट सामुराई’ (२००२) या चित्रपटाचा नायक सरकारी कोठारात हिशेब लिहितो. सेइबेई इगुचीचं सालीना वेतन ५० कोकू तांदूळ. देणी फिटेपर्यंत हाती येतात ३०च. बायको क्षयाने गेलेली, आईला विस्मरण जडलेलं, पदरी दोन लहान मुली. दिवेलागणीला सहकारी पिण्याचा बेत करतात, तेव्हा हा घरची वाट धरतो. किमोनो फाटका, अंगाला घामाचा वास, आणि रात्री पोटासाठी कीटकांचे पिंजरे विणणं. ‘तोरा-सान’सारखी लोकप्रिय विनोदी मालिका वर्षानुवर्षं चालवणाऱ्या यामादांनी सामुराईपट पहिल्यांदा हाती घेतला तो सत्तरी ओलांडल्यावर. शुहेइ फुजिसावांच्या कथांतून त्यांनी उचलला तो हा संसारी माणूस.

पिंजरे विणताना थोरली मुलगी विचारते, शिवणकाम आलं तर कपडे शिवता येतात, मग कन्फ्यूशियस वाचून काय मिळणार? बाप सांगतो, वाचनाने विचार करता येतो आणि विचार करता आला की काळ कसाही बदलो, माणूस तरून जातो. या प्रसंगात उपदेशाचा सूर कुठेही लागत नाही, कारण सेइबेई साकारणाऱ्या हिरोयुकी सानादाचे हात काम थांबवत नाहीत.

शेवटच्या झुंजीत या संथपणाचं मोल कळतं. हुकूम न मानता घरात कोंडून घेतलेल्या योगो झेनेमोनला मारायची कामगिरी सेइबेईवर लादली जाते. काळोख्या घरात योगो त्याला बसवतो, दारू पुढे करतो. योगो साकारणारे मिन तानाका हे मूळचे नर्तक. त्यांच्या हालचालीत जनावराचा ताण आहे. योगोही चाकरीसाठी वणवण केलेला, बायको-मुलगी गमावलेला. दोघे बोलू लागतात आणि क्षणभर वाटतं, सेइबेई त्याला पळून जाऊ देईल. मग सेइबेई मोकळेपणाने सांगून बसतो, की बायकोच्या अंत्यविधीसाठी आपण तलवार विकली, म्यानात आहे ती बांबूची. तिथेच सूर पालटतो. आपल्याला लाकडाने मारायला आला, या अपमानाने योगो पेटतो.

ही कलाटणी विलक्षण आहे. ज्या गरिबीने दोघांना जवळ आणलं, तीच त्यांना एकमेकांवर उठवते. हुकूम देणारे मात्र घटनास्थळी नसतात. पुढची झटापट ओबडधोबड, दमछाक करणारी आहे. सेइबेईच्या हाती त्याची दुसरी, आखूड तलवार. योगोची लांब तलवार ऐन वारात तुळईत अडकते. जिंकणाऱ्याच्या चेहऱ्यावर विजयाचा लवलेश नाही.

पुढे तीनच वर्षांत सेइबेई जपानमधल्या बोशिन यादवी युद्धात बंदुकीच्या गोळीने मरतो. ही सगळी हकिगत सांगते ती त्याची धाकटी मुलगी, म्हातारपणी. लोक त्याला अभागी म्हणत. तिला ते पटत नाही. मुलींवर त्याने जीव लावला, त्याच्या बालमैत्रिणीने, तोमोएने, त्याच्यावर, आणि एवढं त्याला पुरेसं होतं, असं ती म्हणते. हा निकाल आपल्याला मनापासून मान्य होतो, कारण तो संसार आपण जवळून पाहिलेला असतो.

तेव्हा हा चित्रपट तलवारबाजीसाठी लावलात तरी हरकत नाही. फक्त सुरुवातीचा संथ भाग पुढे ढकलू नका. शेवटच्या झुंजीतला सगळा थरार त्याच भागाने कमावलेला आहे.