अमेरिकेचें अवकाश-धोरण : एका विशेषणाचें चरित्र

सरकारी दप्तरांतील कागदांना वाङ्मय म्हणावें कीं नाहीं, याविषयीं टीकाकारांत एकमत होण्याचा संभव नाहीं. पण जे लेख तज्ज्ञ मंडळींनीं एकेक शब्द तोलून सिद्ध केलेले असतात, आणि ज्यांतील एखादें विशेषण बदललें कीं परराष्ट्रांचे वकील कान टवकारतात, ते निदान वाङ्मयासारखे वाचावे तरी लागतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचीं राष्ट्रीय अवकाश-धोरणें या जातीचीं आहेत. मुलकी, लष्करी आणि गुप्तवार्ता या तीन शाखांनीं पृथ्वीबाहेरील अवकाशांत काय करावें व काय करूं नये, तें त्यांत सांगितलेलें असतें. आयसेनहॉवरपासून पुढें बहुतेक अध्यक्षांनीं हा लेख आपल्या परीनें पुनः लिहून काढला. त्यांत पुष्कळ कांहीं बदललें. एक शब्द मात्र हटला नाहीं. तो शब्द 'शांततामय'. अवकाशाचा उपयोग शांततामय हेतूंसाठीं व्हावा, हें वाक्य या ना त्या रूपानें सर्वत्र भेटतें. हा शब्द कोठून आला, त्याच्या आड काय होतें आणि पुढें त्याची काय गत झाली, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

सामान्य समजूत अशी कीं, १९५७ च्या ऑक्टोबरच्या ४ तारखेस रशियाचा स्पुटनिक आकाशांत गेला, अमेरिका दचकून जागी झाली आणि मग तिचें अवकाश-धोरण जन्मास आलें. ही समजूत बरोबर नाहीं. त्याआधीं अडीच वर्षें, १९५५ च्या फेब्रुवारींत, किलियन यांच्या अध्यक्षतेखालील मंडळानें आयसेनहॉवर यांस एक गुप्त अहवाल सादर केला होता. त्या मंडळापुढें मुख्य प्रश्न होता तो अचानक होणाऱ्या हल्ल्याचा. रशियाच्या अफाट प्रदेशांत काय शिजत आहे याचा थांग लागत नव्हता. दुसऱ्याच्या हद्दीवरून विमान नेणें हा उघड अतिक्रम. पण राष्ट्राची हद्द वर किती उंचीपर्यंत पोंचते, हें कोणींच ठरविलेलें नव्हतें. मंडळानें सुचविलें कीं, आधीं एक लहानसा शास्त्रीय उपग्रह सोडावा. तो सर्वांच्या डोक्यावरून जाईल, निरुपद्रवी म्हणून कोणी हरकत घेणार नाहीं, आणि एकदां वहिवाट पडली कीं त्याच वाटेनें पुढें कॅमेरा जाऊं शकेल. मे महिन्यांत राष्ट्रीय सुरक्षा मंडळाच्या ५५२० क्रमांकाच्या लेखांत हें धोरण ठरलें आणि शांततामय हेतूवर भर देण्याचें त्यांतच नमूद झालें. त्याच वर्षाच्या जुलैच्या २१ तारखेस आयसेनहॉवर यांनीं जिनीव्हा येथें रशियास उघड विनंती केली कीं, परस्परांच्या आकाशांतून परस्परांस पाहूं द्यावें. रशियानें ती फेटाळली. आठच दिवसांनीं अध्यक्षांच्या कचेरींतून जाहीर झालें कीं, आगामी आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षांत अमेरिका विज्ञानाच्या सेवेसाठीं लहान उपग्रह सोडणार आहे.

कौटिल्यानें हेरांच्या ज्या जाती सांगितल्या आहेत, त्यांत 'तापसव्यंजन' म्हणून एक आहे. मुंडण करून किंवा जटा वाढवून नगराजवळ राहणारा, लोकांदेखत महिन्या-दोन महिन्यांनीं मूठभर भाजी खाणारा आणि एकांतांत यथेच्छ जेवणारा असा हा हेर. अमेरिकेच्या युक्तींत थोडा फरक आहे. तिनें आधीं एक खराखुरा तापस पुढें पाठविला. वेषांतराची पाळी त्याच्या मागून येणाऱ्यावर होती. लष्कराजवळ अग्निबाण तयार असतांही व्हॅनगार्ड नांवाच्या, शास्त्रीय वळणाच्या योजनेस पसंती मिळाली, तिचें एक कारण हेंच. दैव असें कीं, तो तापस वेळेवर निघालाच नाहीं. व्हॅनगार्डचा अग्निबाण १९५७ च्या ६ डिसेंबरला जमिनीवरच कोसळून जळाला. तत्पूर्वीं स्पुटनिक अमेरिकेच्या डोक्यावरून शेंकडों वेळां जाऊन चुकला होता, आणि त्याला अमेरिकेनें अर्थातच हरकत घेतली नव्हती. स्पुटनिकनंतर चारच दिवसांनीं संरक्षण-खात्याचे उपमंत्री क्वार्ल्स यांनीं आयसेनहॉवर यांस सांगितलें कीं, रशियनांनीं नकळत आपल्यावर उपकारच केला. अवकाशाच्या मुक्ततेचें तत्त्व त्यांनींच प्रस्थापित करून दिलें. वर्तमानपत्रांत राष्ट्रीय अपमानाचा आक्रोश चालू असतां आंतल्या खोलींत हें समाधान व्यक्त होत होतें.

मग १९५८ चा कायदा आला. २९ जुलै रोजीं त्यावर सही झाली आणि १ ऑक्टोबरपासून नासा ही मुलकी संस्था काम करूं लागली. या सर्व लेखमालेंत भाषेच्या दृष्टीनें आम्हांस हा कायदाच सर्वांत सरस वाटतो. त्याचें आरंभींचें वाक्य सरळ, लहान आणि प्रसन्न आहे : अवकाशांतील कार्य शांततामय हेतूंस व अखिल मानवजातीच्या हितास वाहिलेलें असावें. पण लगेच पुढच्या कलमांत अपवाद येतो. शस्त्रास्त्रें, लष्करी हालचाली व देशाचें संरक्षण यांसंबंधींचें कार्य संरक्षण-खात्याकडे राहील. गुप्तवार्तेचें तर नांवही नाहीं. आणि त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत आयसेनहॉवर यांनीं 'कोरोना' या टेहळणी-उपग्रहास गुप्तपणें मंजुरी देऊन ठेविली होती. (आजच्या वाचकास हें नांव वेगळ्या कारणानें कटु वाटेल, त्यास उपाय नाहीं.)

कोरोनाचें जाहीर नांव 'डिस्कव्हरर'. तो शास्त्रीय प्रयोगांसाठीं आहे, असें सांगण्यांत येई, आणि त्या सांगण्यास आधार हवा म्हणून १९५९ च्या जूनमध्यें तिसऱ्या डिस्कव्हररमधून चार उंदीरही पाठविण्यांत आले. बिचारे कक्षेपर्यंत पोंचलेच नाहींत. अपयशामागून अपयश येत गेलें. दरम्यान १९६० च्या १ मे रोजीं यू-२ विमान रशियानें पाडलें आणि विमानांची वाट बंद झाली. ऑगस्टमध्यें तेराव्या डिस्कव्हररची कुपी समुद्रांतून सुखरूप बाहेर काढली. तींत अमेरिकेचा ध्वज होता. तो समारंभानें अध्यक्षांस अर्पण झाला आणि त्याचीं छायाचित्रें छापून आलीं. आठवड्याभरानें चौदाव्या डिस्कव्हररची कुपी पॅराशूटनें उतरत असतां विमानानें हवेंतच झेलली. तींत फिल्म होती. यू-२ विमानांनीं चार वर्षांत जेवढा रशिया टिपला, त्याहून अधिक त्या एका फिल्मींत आला. त्याचा मात्र समारंभ झाला नाहीं.

येथवरची हकीकत वाचून वाचक म्हणेल, हा सर्व दांभिकपणा आहे. कित्येक टीकाकार तसें म्हणतातही. आम्हांस हा निर्णय घाईचा वाटतो. १९६० च्या निवडणुकींत अमेरिकेंत हाकाटी चालली होती ती अशी कीं, रशिया क्षेपणास्त्रांत फार पुढें गेला आहे. कोरोनाच्या चित्रांवरून १९६१ च्या सप्टेंबरांत निष्पन्न झालें कीं, रशियाचीं दूरपल्ल्याचीं क्षेपणास्त्रें शेंकड्यांनीं नसून दहा ते पंचवीस आहेत. पुढें १९६७ मध्यें अध्यक्ष जॉन्सन एका बैठकींत बोलून गेले कीं, अवकाशावरील एकंदर खर्चाच्या दहापट मोल या चित्रांचेंच आहे; कारण शत्रूजवळ किती क्षेपणास्त्रें आहेत हें आतां आपणांस ठाऊक आहे, आणि आपले जुने अंदाज फार चुकले होते. भयापोटीं जी शस्त्रें बांधलीं गेलीं असतीं, त्यांतलीं कांहीं बांधलीं गेलीं नाहींत. रशियाचीही गोष्ट मनोरंजक आहे. १९६२ पर्यंत अवकाशांतून हेरगिरी करणें बेकायदा ठरवावें, असा त्याचा संयुक्त राष्ट्रांत आग्रह होता. त्याच वर्षीं त्याचे स्वतःचे टेहळणी-उपग्रह 'कॉसमॉस' या भारदस्त शास्त्रीय नांवाखालीं चित्रें आणूं लागले आणि वर्षभरांत तो आग्रह निवाला. १९७२ च्या शस्त्रमर्यादेच्या करारांत दोघांनीं एकमेकांस वचन दिलें कीं, 'पडताळणीच्या राष्ट्रीय तांत्रिक साधनांत' कोणी अडथळा आणणार नाहीं. हें लांबलचक नांव हेर-उपग्रहांचेंच. तेव्हां 'शांततामय' हा शब्द लबाडीनें योजला गेला खरा, पण ती लबाडी शांततेच्या कामीं आली.

आमचा आक्षेप निराळ्या ठिकाणीं आहे. जोंवर शब्दाच्या आड कांहीं लपवावें लागत होतें, तोंवर त्या शब्दाची भीड होती. १९७८ मध्यें ती उठली. त्या वर्षाच्या १ ऑक्टोबरला अध्यक्ष कार्टर यांनीं जाहीर भाषणांत प्रथमच मान्य केलें कीं, अमेरिका उपग्रहांतून टेहळणीचीं छायाचित्रें घेते. ही प्रांजलता स्तुत्य होती. परंतु त्याच वर्षाच्या मे महिन्यांतल्या त्यांच्या धोरणांत 'शांततामय हेतू' या शब्दांवर एक टीप चढविण्यांत आली : राष्ट्रीय सुरक्षितता व इतर उद्दिष्टें साधण्यासाठीं केलेलीं लष्करी व गुप्तवार्तेचीं कार्यें या शब्दांत बसतात. संस्कृत ग्रंथांत मूळ सूत्रापेक्षां भाष्य मोठें झाल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. पण सूत्राचा अर्थच भाष्यानें गिळून टाकावा, असें क्वचित् घडतें. त्या वाक्यांतला 'इतर' हा शब्द तर कोणत्याही परीक्षकानें लाल शाईनें अधोरेखित करावा असा आहे.

कायदेपंडित याचें समर्थन करितात. ते म्हणतात, शांततामय म्हणजे निर्लष्करी नव्हे, तर अनाक्रमक. हा भेद मराठींतही कळण्याजोगा आहे. तलवार म्यान करणें वेगळें आणि ती घरांत न ठेवणें वेगळें. पण अमेरिकेनेंच ज्यावर सही केली त्या १९५९ च्या अंटार्क्टिका करारांत काय आहे? तेथें तो खंड केवळ शांततामय हेतूंसाठीं वापरावा असें म्हणून लगेच लष्करी स्वरूपाच्या सर्व उपायांस मनाई केली आहे. त्या काळीं या शब्दाचा निर्लष्करी हा अर्थ ठाऊक होता आणि लिहितांही येत होता. १९६७ च्या अवकाश-कराराचें चौथें कलम बारकाईनें वाचावें. अण्वस्त्रें व तत्सम संहारक शस्त्रें पृथ्वीभोंवतीं फिरत ठेवूं नयेत, असें तें सांगतें. 'केवळ शांततामय' हे शब्द मात्र चंद्र व इतर गोल यांपुरतेच येतात. मधल्या पोकळींत, जेथें उपग्रह फिरतात, तेथें 'केवळ' नाहीं. ही नजरचूक नव्हे.

एकदां टीप सुरू झाली कीं ती दर आवृत्तींत वाढत जाते. १९८२ च्या रीगन यांच्या धोरणांत ती राहिली. २००६ मध्यें धाकट्या बुश यांच्या धोरणांत 'राष्ट्रीय सुरक्षितते'च्या जागीं 'राष्ट्रीय हितसंबंध' आले. हितसंबंध म्हणजे काय नव्हे? त्याच लेखांत अवकाशांतील अमेरिकेच्या वावरावर बंधनें घालणाऱ्या नव्या कायद्यांस विरोध केला असून, वेळ पडल्यास शत्रूस अवकाशाचा उपयोग नाकारण्याचाही अधिकार राखून ठेविला आहे. २०१० च्या ओबामा यांच्या धोरणाचा सूर सौम्य आहे. त्यांत जबाबदारीची भाषा आहे, आणि समतोल व पडताळून पाहतां येतील अशा शस्त्रमर्यादेच्या सूचनांचा विचार करण्याची तयारीही आहे. टीप मात्र तेथेंही आहे. २०२० च्या ट्रम्प यांच्या धोरणांत शांततामय हेतूच्या तत्त्वाशीं सुसंगत म्हणून स्वसंरक्षणाचा जन्मसिद्ध हक्क बजावण्याचा उल्लेख येतो. त्याच्या वर्षभर आधीं अमेरिकेनें स्वतंत्र अवकाश-सेना उभारली होती. मध्यंतरीं चीननें २००७ मध्यें, अमेरिकेनें २००८ मध्यें, भारतानें २०१९ मध्यें आणि रशियानें २०२१ मध्यें आपापला एकेक उपग्रह क्षेपणास्त्रानें फोडून दाखविला. चौघांच्याही जाहीर लेखांत शांततामय अवकाशाचा पुरस्कार आहे.

आमच्या २०२३ च्या भारतीय अवकाश-धोरणाच्या उद्देशवाक्यांतही राष्ट्राची सुरक्षितता आणि अवकाशाचें शांततामय संशोधन हीं एकाच दमांत आलीं आहेत. त्यावर्षीं जूनमध्यें भारतानें अमेरिकेच्या पुढाकारानें झालेल्या आर्टेमिस करारावर सही केली. हा करार चंद्र आणि त्यापलीकडील प्रवासासंबंधीं आहे, म्हणजे जेथें १९६७ चा 'केवळ' हा शब्द अद्याप जागेवर आहे त्या प्रदेशासंबंधीं. त्यांतही 'केवळ शांततामय' असें आहे. मात्र तें वाक्य, करारान्वये सहकार्यानें केलेल्या कामांपुरतें लिहिलेलें आहे.