राजा दीनदयाळ आणि मराठवाड्याचे चित्र

कलावंताच्या गुणांची चर्चा करताना त्याच्या हिशेबाच्या वहीत डोकावू नये, असा एक संकेत आमच्या रसिकवर्गात रूढ आहे. कवीच्या किंवा गवयाच्या बाबतीत तो शोभत असेल. छायाचित्रकाराच्या बाबतीत तो पाळला, तर त्याची निम्मी कला समजावयाची राहून जाते. काचा, रसायने, गाडीभाडे आणि मदतनीसांची मजुरी यांचा खर्च कोणी तरी सोसल्यावाचून गेल्या शतकापूर्वी एकही चित्र निघत नसे, आणि खर्च सोसणाऱ्याची नजर चित्रात उतरल्यावाचून राहत नसे. म्हणून राजा दीनदयाळ यांच्या चित्रांविषयी लिहिताना आम्ही हा संकेत मोडणार आहोत.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळील सरधना येथे एका जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्याचे शिक्षण घेऊन १८६६ साली ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले. छायाचित्रणाचा नाद त्यांना त्यानंतर, १८७४ च्या सुमारास जडला. सर हेन्री डेली यांचे प्रोत्साहन मिळाले. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर फिरून त्यांनी मध्य हिंदुस्थानातील प्राचीन वास्तूंची चित्रे घेतली आणि ती १८८६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. यानंतर सरकारी नोकरी सोडून हा नकाशानवीस पूर्णपणे धंद्यात उतरला. इंदूर, सिकंदराबाद आणि १८९६ पासून मुंबई, अशी त्यांची चित्रालये निघाली. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांस दरबारी छायाचित्रकार नेमून ‘राजा बहादुर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. पडदानशीन स्त्रियांसाठी १८९२ साली हैदराबादेत त्यांनी स्वतंत्र चित्रालय काढले व ते एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविले. ही व्यवहारचातुर्याची गोष्ट तर खरीच. पण गिऱ्हाइकाचा संकोच ओळखण्याइतके मनही तिच्यामागे होते.

त्यांच्या देखाव्यांच्या चित्रांत आम्हांस सर्वात आधी जाणवतो तो स्थापत्यज्ञ. कॅमेरा कोठे उभा करावा, याचा निर्णय त्यांनी जणू साखळीने जमीन मोजून केलेला असतो. १८९२ च्या सुमारास निजामाच्या मुलखातील दृश्यांचा जो संग्रह तयार झाला, त्यात वेरूळ व दौलताबाद यांना अर्थातच मानाचे स्थान होते. कैलास लेण्याचे चित्र घेणे किती अवघड, हे तेथे उभे राहिलेल्यासच कळेल. भोवताली तुटलेले कडे आहेत, मागे सरकावयास जागा नाही, आणि उजेड एकीकडे प्रखर तर दुसरीकडे काळोख. दीनदयाळ या अडचणीशी झुंज घेत नाहीत, तिच्याशी समजूत करून घेतात. सावलीला तिची जागा देतात आणि दगडाचे वजन डोळ्यांस जाणवू देतात. येथे त्यांच्या कलेस कमीपणा देणे कोणासही शक्य नाही.

आता थोडे दूर पाहू. नेमक्या याच काळी अमेरिकेत फ्रँक जे हेन्स नावाचा छायाचित्रकार नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचा अधिकृत चित्रकार म्हणून नावारूपास आला होता. १८८५ पासून सुमारे वीस वर्षे त्याचे चित्रालय रेल्वेच्या एका डब्यातच होते. गाव आले की डबा बाजूच्या रुळावर उभा करावा, गावकऱ्यांच्या तसबिरी काढाव्या आणि पुढे जावे, असा त्याचा क्रम. रेल्वेला प्रवासी व वसाहतकरी हवे होते. म्हणून हेन्सच्या चित्रांतील विस्तीर्ण प्रदेश हा येणाऱ्याची वाट पाहणारा प्रदेश वाटतो. तेथे आधीपासून राहणारी माणसे त्यात बहुधा कडेला पडतात. दीनदयाळ यांचा आश्रयदाता रेल्वे कंपनी नव्हती, दरबार होता. त्यामुळे त्यांच्या चित्रांतील प्रदेश कोणाची वाट पाहत नाही; तो आधीच कोणाच्या तरी मालकीचा आहे. परंतु कडेला पडण्याचा वाटा इथल्या रयतेच्याही नशिबी तोच आला. भव्य वास्तूपुढे एखादा माणूस उभा दिसतो, तो बहुधा वास्तूची उंची कळावी म्हणून.

या रयतेकडे कॅमेरा सरळ वळला तो दुष्काळात. १८९९-१९०० च्या भीषण अवर्षणाच्या आगेमागे निजाम सरकारने औरंगाबाद भागात (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) जी मदतकार्ये चालविली, त्यांच्या चित्रांचा संग्रह दीनदयाळ यांच्या चित्रालयाने तयार केला. त्याचा हेतू उघड आहे: सरकारचे औदार्य दाखविणे. तथापि आमच्या मते त्यांचे सर्वात मोलाचे काम येथेच आहे, आणि ते त्यांच्या हेतूपलीकडचे आहे. काचेला हुकूम कळत नाही. तिने औदार्याबरोबर गर्दीतील सुटे सुटे चेहरेही टिपले. आणि आज आपली नजर मदत देणाऱ्यावर न थांबता त्या चेहऱ्यांकडे जाते. त्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेविली नाहीत.

नांदेड व लातूर यांच्या दृष्टीने या कथेत एक हुकलेली भेट आहे. मनमाडहून परभणी, नांदेडवरून सिकंदराबादेस जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे विसाव्या शतकाच्या अगदी उंबरठ्यावर सुरू झाली. तेव्हा दीनदयाळ यांची कारकीर्द उताराला लागली होती, आणि १९०५ साली ते वारले. बार्शी लाईट रेल्वेची अरुंद गाडी लातुरास पोहोचली ती १९११ साली, त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. रूळ आले तेव्हा ते टिपणारा तोलामोलाचा डोळा मागे राहिला नव्हता. पुढे एप्रिल २०१६ मध्ये त्याच जुन्या मार्गाच्या वारशाने मिरजेहून पाण्याच्या वाघिणी लातुरास आल्या, आणि देशभर त्यांची चित्रे झळकली. शंभरांहून अधिक वर्षे लोटली, तरी आमचा मुलूख चित्रात यावयाचा तो हात पसरलेल्या स्थितीतच! त्या पाण्याबद्दल आम्ही कृतघ्न नाही. पण एखाद्या प्रदेशाची ओळख केवळ त्याच्या तहानेवरून व्हावी, हे त्या प्रदेशास न्याय देणारे खचित नव्हे.

यावर उपाय कोणा राजाच्या हाती नाही. तो आमच्या घरांतच आहे. दीनदयाळ यांच्या २,८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या, म्हणून त्या वाचल्या. आमच्या माळ्यावरील ट्रंकांची चौकशी करावयास दिल्लीहून कोणी येणार नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपात घरांबरोबर किती तसबिरी मातीत गेल्या असतील, याचा विचार केला म्हणजे मन खिन्न होते. ज्या आहेत, त्या तरी राहाव्यात. तसबिरीच्या मागे पेन्सिलीने एवढेच लिहावे: हे कोण, गाव कोणते, साल कोणते. दीनदयाळ यांच्या दुष्काळी चित्रांत जे उणे राहिले, ते भरून काढण्यास एवढे पुरे आहे.