दुर्मिळतेचे वलय

काही कलाकृतींची कीर्ती त्यांच्या गुणांपेक्षा दुर्मिळतेवर पोसली जाते. कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ हा हिंदी चित्रपट या दृष्टीने पारखून घ्यावा असा आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये घडलेल्या या दिग्दर्शकाची ही कृती १९८८ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखविली गेली; आपल्या चित्रपटगृहांत मात्र ती २०१४ च्या जानेवारीत पोहोचली. मधल्या काळात व्हिडिओ कॅसेटवरच्या अंधूक प्रती रसिकांच्या हातोहात फिरत राहिल्या. ज्याच्यापाशी प्रत, तो भाग्यवान!

कथानक शोधू जाणाऱ्याची येथे निराशा होते. अजमेर-पुष्करच्या परिसरात वाढणारा ओम, नोकरी सोडून ज्योतिष सांगणारे त्याचे वडील, स्वतःच्या वाटेने जाऊ पाहणारी बहीण गायत्री, पोटात हिरे असलेले बेडूक... प्रसंग एकामागून एक येतात, पण त्यांना जोडणारा धागा स्वप्नातल्यासारखा असतो. शाळेतले विज्ञान, घरातले ज्योतिष, धर्मकथा आणि जाहिराती यांची सरमिसळ वयात येणाऱ्या मुलाच्या मनात कशी होते, याचे हे चित्र आहे. तेथे चित्रपट खरोखर बलवान ठरतो. उत्तरार्धात मात्र चमत्कृतीवर चमत्कृती रचली जाते आणि ओमचे दुःख आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

मग संग्राहकांना त्याची एवढी ओढ का? जे सर्वांना मिळत नाही, ते आपल्यापाशी आहे, हा अभिमान त्यामागे असतोच. तरीही त्यांचे ऋण नाकारता येणार नाही. ‘घाशीराम कोतवाल’ हा १९७६ चा मराठी चित्रपट बर्लिनच्या ‘आर्सेनल’ संस्थेने प्रत जपली, म्हणूनच आज पाहता येतो.

जपण्याचे खरे मोल आपल्या खानदेशाला ठाऊक आहे. निरक्षर बहिणाबाई चौधरींच्या ओव्या घरच्यांनी उतरवून ठेवल्या. त्या निधनानंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने आल्या. वही पेटीतच राहिली असती, तर जळगावचे हे धन जळगावलाही कळले नसते. उलट, त्या ओव्या घरोघरी गेल्या आणि तरीही त्यांची गोडी उणावली नाही. कलाकृतीची कसोटी हीच.

‘ओम दर-ब-दर’ या कसोटीला अर्धा उतरतो. वलय बाजूला सारूनही ओमचे गोंधळलेले बालमन उरते. बाकीचे बरेचसे विरून जाते. बालकांसाठी तो नव्हे; पण पौगंडातील मुलांच्या आईवडिलांनी एकदा तरी पाहावा.